रेडोचा पहिला तास

थिएटरच्या यादीत ‘रेडो’, म्हणजे आधी उघडलेली छाती पुन्हा उघडणं, लिहिलेलं असलं की मी पंप जरा लवकरच भरून ठेवतो. मी परफ्युजनिस्ट. हृदय थांबलेलं असताना रक्त फिरवणारं मशीन चालवतो. नोकरी मुंबईत, गाव रत्नागिरी. आजचा पेशंटही तिकडचाच. उंच, शिडशिडीत, लांबसडक बोटांचा. मारफान सिंड्रोम. काही वर्षांपूर्वी त्याचं बेंटॉल झालं होतं, म्हणजे महारोहिणीचं मूळ काढून तिथे झडपेसकट डॅक्रॉनची नळी. लंडनच्या ह्यू बेंटॉल यांनी 1968 साली ही पद्धत प्रसिद्ध केली. तिनं किती तरुण जीव वाचवले असतील! ते कापड फुगत नाही. पण पुढची वाहिनी मूळचीच, भिंतीला बळ देणारं फायब्रिलिन सदोष असलेली. आता तिची कमान फुगली होती.

रेडोत मला खरी भीती छाती उघडतानाची. सीटीत जुनी नळी छातीच्या हाडाला जवळजवळ टेकलेली. करवत थोडी जरी खोल गेली तरी रक्ताचं कारंजं. म्हणून सरांनी आधी उजव्या खांद्याखालची धमनी आणि जांघेतली शीर मोकळी करून माझ्या नळ्या जोडून घेतल्या. हाड बांधलेल्या जुन्या तारा समोरून कापल्या, पण काढल्या नाहीत. मागे त्या राहिल्या की करवत खोल जायला अडसर होतो. मग थरथरणारी करवत, बोट-बोट पुढे. कोणी बोलत नव्हतं. माझा हात क्लॅम्पवर. हाड उघडल्यावरही चिकटलेले चिवट पापुद्रे सोडवण्यात तास गेला.

पुढे शरीर 25 अंशांपर्यंत थंड केलं. सरांनी सांगितल्यावर रक्त थांबवलं. फक्त मेंदूकडे, त्याच खांद्याच्या धमनीतून, बारीक धार. कपाळावरच्या पट्ट्यांचे आकडे सोडून मी कुठेच पाहिलं नाही. नवी कमान शिवून झाली.

संध्याकाळी बाहेर त्याची आई भेटली. मी रत्नागिरीचा म्हटल्यावर जवळ सरकली.

“पावसात टाकळ्याची भाजी दिली तर चालेल काय रे?”

त्याची झडप यांत्रिक, म्हणजे रक्त पातळ राखायची गोळी जन्मभर, आणि पालेभाजी एकदम वाढली की गोळीचा जोर उतरतो.

“थोडी द्या, काकू. एकदम ताटभर नको. आणि आयएनआरची तपासणी चुकवू नका.”

मागे धाकटी उभी होती, भावाएवढीच उंच. वडिलांचं विचारलं. तरणेपणीच गेले, अचानक, छातीत कळ येऊन. मारफानचा दोष आईबापांपैकी एकात असला तर प्रत्येक लेकरात येण्याची शक्यता निम्मी.

धाकटीला अंगठा आत घेऊन मूठ मिटायला सांगितली. करंगळीच्या बाजूनं अंगठ्याचं अख्खं नख बाहेर आलं.

तिथूनच सरांना फोन लावला. उद्या सकाळी हिचा इको.