राफाएल : शोकातील सहचर

‘तोबित’ हा ग्रंथ कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरांत बायबलचा भाग मानला जातो. त्यातील आद्यदेवदूत राफाएल याच्या नावाचा अर्थ ‘ईश्वर बरे करतो’ असा आहे. निनवे येथे स्वजनांची बेवारस प्रेते पुरणारा आणि पुढे अंध झालेला तोबित, तसेच सात पती गमावलेली सारा, हे दोघेही ईश्वराकडे मरण मागतात. त्यांना मरण नव्हे, सोबत मिळते. अनोळखी वाटसोबती होऊन राफाएल तोबितच्या पुत्राला प्रवासात सांभाळतो. माशाच्या पित्ताने तोबितला दृष्टी लाभते. दोघांच्या प्रार्थना आपणच ईश्वरापुढे नेल्या, हे तो अखेरीस सांगतो. मिखाएलचे संरक्षण योद्ध्याचे, तर राफाएलचे साहचर्याचे. सांत्वनकर्ता पुष्कळदा उशिरा ओळखू येतो, हेच या प्रतीकाचे मर्म होय.