'एम्प्रेस' जुनी आहे, पण...

नागपुरात एम्प्रेस म्हटलं की मिलच आठवते. पण परवा शेजारच्या काकूंनी मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग दाखवत विचारलं, "जहाज नवीन आहे ना रे?" मला जहाजांचा नाद, त्यामुळे निमित्तच मिळालं!

काकूंचं जहाज, म्हणजे कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची 'एम्प्रेस', नवं नाही. फ्रान्समधल्या सेंट नाझेरला बांधलेलं हे जहाज १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' नावाने रॉयल कॅरिबियनच्या सेवेत आलं. मायामी ते बहामाज अशा तीन-चार दिवसांच्या सफरींसाठीच ते आखलं होतं. मुंबई-गोव्याला म्हणूनच ते चपखल बसतं.

२००४ मध्ये नाव बदललं, २००८ मध्ये ते स्पेनच्या पुलमांतुर कंपनीकडे गेलं, २०१६ मध्ये रॉयल कॅरिबियनकडे परत आलं. २०१७ मध्ये तर हवानाला जाऊन आलं! कोविडकाळात विकलं गेलं आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून धावू लागलं.

लांबी सुमारे २११ मीटर, ग्रॉस टनेज ४८,५०० च्या आसपास. हे टनेज म्हणजे वजन नव्हे बरं का, आतल्या बंदिस्त जागेचं मोजमाप. आजच्या 'आयकॉन ऑफ द सीज' या अवाढव्य क्रूझ जहाजाचं टनेज याच्या पाचपट आहे. म्हणून आपली एम्प्रेस मध्यम आकाराची. माझ्या मते तेच बरं, जेवायला जाताना रस्ता चुकत नाही.

मळमळीची भीती असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली केबिन मागा. तिथे हेलकावे कमी जाणवतात.

आणखी काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये बिनधास्त विचारा.