कायटिन नॅनोतंतूंपासून वेष्टन : रचना, निर्मिती आणि हिशेब

वेफर्सचे पाकीट आतून चकचकीत असते, कारण प्लॅस्टिकच्या थरावर ॲल्युमिनिअमचा अतिशय पातळ मुलामा दिलेला असतो. ऑक्सिजन आणि बाष्प आत शिरू नये, हे त्याचे काम. पण चिकटलेले हे थर वेगळे करणे कठीण, त्यामुळे अशा पाकिटांचा पुनर्वापर फारसा होत नाही. हे काम करणारा, पण मातीत कुजणारा पदार्थ मिळेल का? कायटिन हे त्याचे एक संभाव्य उत्तर आहे.

१. कायटिन म्हणजे काय?

कायटिन हा नैसर्गिक पॉलिमर आहे. त्याची रचना सेल्युलोजसारखीच असते. फक्त प्रत्येक घटकातील दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिलऐवजी ॲसिटामाइड गट असतो. खेकडा व कोळंबी यांचे कवच, कीटकांचे बाह्यकवच आणि बुरशीची पेशीभित्तिका यांत ते आढळते. कवचात कायटिनचे अतिसूक्ष्म तंतू प्रथिनांत गुंडाळलेले असून मधल्या जागेत कॅल्शिअम कार्बोनेट भरलेले असते. म्हणजे नॅनोतंतू आपण तयार करत नाही. ते आधीच असतात, आपण फक्त मोकळे करतो.

२. तंतू मोकळे कसे करतात?

अ) सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने कॅल्शिअम कार्बोनेट काढतात.
आ) सोडिअम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने प्रथिने काढतात.
इ) रंगद्रव्ये काढून, उरलेले कायटिन पाण्यात मिसळून ग्राइंडरमधून दळतात.

जपानमधील तोत्तोरी विद्यापीठातील गटाने २००९ मध्ये खेकड्याच्या कवचापासून या पद्धतीने १० ते २० नॅनोमीटर रुंदीचे तंतू मिळवले. त्यासाठी कायटिन शेवटपर्यंत ओले ठेवले होते. वाळले की शेजारच्या तंतूंमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात आणि तंतू सुटत नाहीत. यावरचा उपाय म्हणजे दळताना थोडे ॲसिटिक आम्ल घालून सामू ३ च्या आसपास ठेवणे. कायटिनमध्ये काही मोकळे अमिनो गट असतात. ते प्रोटॉन घेऊन धनभारित होतात, तंतू एकमेकांना दूर ढकलतात आणि वाळलेले कायटिनही सुटे होते. वाळलेला माल साठवता व वाहून नेता येतो, म्हणून उद्योगाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे.

३. ऑक्सिजन का अडतो?

तंतूंचे स्फटिकी भाग वायूला वाट देत नाहीत. दाट फिल्ममध्ये ऑक्सिजनच्या रेणूला वळसे घेत जावे लागते. मार्ग लांबतो, वेग घटतो. अमेरिकेतील जॉर्जिया टेक येथील संशोधकांनी २०१८ मध्ये पॉलिलॅक्टिक आम्लाच्या फिल्मवर धनभारित कायटिन नॅनोतंतू आणि ऋणभारित सेल्युलोज नॅनोस्फटिक यांचे थर आळीपाळीने फवारले. विरुद्ध भारांमुळे थर घट्ट बसले. ऑक्सिजनची पारगम्यता पीईटीच्या काही प्रकारांपेक्षा ६७ टक्क्यांपर्यंत कमी भरली.

उणीव पाण्याची आहे. कायटिन ओलावा शोषते, तंतूंमधील अंतर वाढते आणि रोध कमी होतो. म्हणून बाष्प अडवण्यासाठी वेगळा थर लागतो.

४. नैसर्गिक म्हणजे शाश्वत का?

गणित करून पाहू. १ किलो वाळलेल्या टरफलात ४०० ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट आणि २५० ग्रॅम कायटिन आहे असे धरू.

कॅल्शिअम कार्बोनेट + २ हायड्रोक्लोरिक आम्ल → कॅल्शिअम क्लोराइड + पाणी + कार्बन डायऑक्साइड

कॅल्शिअम कार्बोनेटचे रेणुवस्तुमान १००, म्हणून ४०० ग्रॅम म्हणजे ४ मोल. त्यासाठी आम्ल लागेल ८ मोल, म्हणजे ८ × ३६.५ = २९२ ग्रॅम. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल ४ × ४४ = १७६ ग्रॅम. म्हणजे हाती आलेल्या कायटिनपेक्षा आम्लच जास्त खर्च झाले! अल्कली आणि धुण्याचे पाणी वेगळेच.

हे सांडपाणी प्रक्रिया न करता ओढ्यात सोडले, तर वेष्टन कुजणारे असूनही नुकसान टळत नाही. म्हणूनच आम्लाऐवजी लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंनी टरफले आंबवणे, निघालेली प्रथिने पशुखाद्यात वापरणे आणि बुरशीपासून कायटिन घेणे या दिशांनी काम चालू आहे. बुरशीत कॅल्शिअम कार्बोनेटचा भरणा नसल्याने आम्लाची ती पायरी जवळजवळ वगळता येते.

सारांश

कायटिनची ताकद त्याच्या स्फटिकी तंतूंत आणि धनभारात आहे, तर उणीव ओलाव्यात. वेष्टन शाश्वत आहे की नाही हे मात्र कच्च्या मालावरून ठरत नाही. ते प्रक्रियेतील रसायने आणि पाणी यांच्या हिशेबावरून ठरते.

स्वाध्याय

१. टरफलात ५० टक्के कॅल्शिअम कार्बोनेट असल्यास १ किलोसाठी किती आम्ल लागेल?
२. कोरड्या आणि पावसाळी हवेत या फिल्मचा ऑक्सिजनरोध वेगळा का असेल?