करंगळीची चेता

कोपराची आतली बाजू चौकटीवर आपटली की करंगळीपर्यंत झणझणीत कळ जाते. ती हाडाची नसते; तिथे कातडीलगत असलेल्या अल्नर चेतेची असते. करंगळी, अर्धी अनामिका आणि पंजातले बहुतेक छोटे स्नायू तिच्याच ताब्यात.

कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचा थंड भाग मानवतो, म्हणून तो नेमकी हीच चेता गाठतो. सिंगापूरच्या ट्रॅफल्गार होम या जुन्या कुष्ठरोग वसाहतीतल्या रुग्णांच्या हातांवर त्याची खूण दिसे, वरोऱ्याच्या आनंदवनातही. छोटे स्नायू निकामी झाले की बोट मुळाशी मागे ताणलं जातं, पुढची पेरं आत वळतात आणि हात नखरासारखा आकसतो. मला त्याहून जास्त अस्वस्थ करते ती बधिरता. चहाचा तापलेला पेला हातात असतो, बोटांना फोड येतात, तरी माणसाला पत्ता नसतो.

वेल्लोरला शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी १९४८ पासून धडधाकट स्नायूची कंडरा वळवून अशी बोटं पुन्हा कामाला लावली. अपघातात कापली गेलेली चेता मात्र जोडल्यावरही दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते. कोपरापासून करंगळीच्या टोकाला पोहोचायला तिला वर्षाहून जास्त लागतं. तोवर पंजातले स्नायू सुकत जातात.