नफ्यातल्या कंपनीचा बंद कारखाना

मध्य कोलकात्याहून डायमंड हार्बर रोडने दक्षिणेला निघालं, की माझेरहाटचा पूल ओलांडल्यावर तारातलाचा चौक येतो आणि तिथून बेहाला सुरू होतं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये तो जुना पूल कोसळला तेव्हा बेहालाकरांना शहरात जायला वळसे घालावे लागले. आता नवा पूल आहे, शिवाय मेट्रोही आली आहे. चौकातून पश्चिमेला गार्डन रीचच्या गोदीकडे जाणारा तारातला रोड हा इथला कारखान्यांचा रस्ता. १९५२ साली सुरू झालेली सरकारी टाकसाळ याच भागातली. पण टाकसाळीला वास नसतो. तारातलाची ओळख सांगताना लोक ज्या वासाचं नाव घेतात तो भाजलेल्या बिस्किटांचा. १९४७ पासून ब्रिटानियाचा कारखाना इथे होता.

जून २०२४ मध्ये तो बंद झाला. सगळ्या कायम कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती स्वीकारली आहे आणि कंपनीच्या व्यवसायावर याचा लक्षणीय परिणाम होणार नाही, असं कंपनीने शेअर बाजाराला कळवलं. दुसरं विधान ताळेबंदावरून सहज पटतं. त्याच्या आदल्या आर्थिक वर्षात, २०२३-२४ मध्ये, ब्रिटानियाची विक्री साडेसोळा हजार कोटींच्या घरात होती आणि निव्वळ नफा २,१४० कोटी रुपये. बंद कारखान्यांच्या आपल्या ऐकण्यातल्या कहाण्यांमध्ये आधी मालक बुडतो, मग संप होतो, मग बँक कुलूप लावते. तारातलाला यातलं काही झालं नाही. कंपनी नीट चालवली जात होती, आणि माझ्या मते कारखाना बंद झाला तो त्याच कारणाने. मुरलेला धंदा चालवणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला म्हणूनच तारातला चांगली जागा आहे.

ब्रिटानियाच्या जन्मकथेत एक आकडा हटकून येतो, २९५ रुपये. १८९२ साली मध्य कलकत्त्यातल्या एका लहानशा घरात एवढ्या भांडवलावर बिस्किटं भाजायला सुरुवात झाली. पुढे हा धंदा गुप्ता बंधूंकडे आला आणि ‘व्ही. एस. ब्रदर्स’ या नावाने चालू लागला. १९१० मध्ये विजेवरची यंत्रं आली. १९१८ मध्ये सी. एच. होम्स हा कलकत्त्यातला इंग्रज व्यापारी भागीदार झाला आणि ब्रिटानिया बिस्किट कंपनी लिमिटेड उभी राहिली. १९२१ मध्ये तिने गॅसवर चालणाऱ्या भट्ट्या परदेशातून मागवल्या. सुएझच्या पूर्वेला अशा भट्ट्या वापरणारी ही पहिलीच कंपनी, असं कंपनीचा इतिहास अभिमानाने सांगतो. १९२४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. मुंबईत कारखाना निघाला, आणि लंडनच्या पीक फ्रीनने कंपनीचा ताबा मिळवला. दुसऱ्या महायुद्धात उत्पादनाचा फार मोठा भाग सैन्याकडे जाऊ लागला. युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी तारातलाच्या भट्ट्या पेटल्या.

पीक फ्रीनचा वारसा आपण आजही चहात बुडवतो. मारी हे बिस्किट त्या कंपनीने १८७४ साली रशियाची राजकन्या मारिया आणि ड्यूक ऑफ एडिनबरा यांच्या लग्नानिमित्त काढलं; बूरबाँही मूळचं तिचंच. दीडशे वर्षांत मारीचं रूप फारसं बदललेलं नाही. मुरलेल्या धंद्याबद्दल बोलताना लोक ‘सतत नवं काहीतरी’ असा घोषा लावतात, त्यांनी हे बिस्किट हातात घेऊन पाहावं. बंगालमध्ये तर ब्रिटानियाचं थिन अॅरारूट आजारी माणसाच्या उशाशी आणि धडधाकट माणसाच्या चहाच्या बशीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यात कुणी चॉकलेट घातलं तर दंगा होईल.

न बदलणारं बिस्किट रोज तसंच काढणं मात्र सोपं नाही. मारीची कणीक घट्ट आणि चिवट असते. मळताना गव्हातलं ग्लूटेन ताणलं जातं. रुळांमधून पातळ लाटलेला तिचा पट्टा पुढे सरकताना ताणात असतो, त्यामुळे कापल्यावर तो सरकण्याच्या दिशेने आक्रसतो. म्हणून गोल मारी हवी तर साचा किंचित लंबगोल ठेवावा लागतो. वरची भोकं नक्षीसाठी नसतात. वाफ बाहेर पडली नाही तर बिस्किटाला फोड येतात. ग्लुकोज बिस्किटाची कणीक वेगळी, भुसभुशीत. ती फिरत्या साच्यात दाबून थेट पट्ट्यावर सोडतात. पुढचा प्रवास दोन्हींचा सारखाच, लांबलचक बोगद्यासारख्या भट्टीतून. आधुनिक कारखान्यात ही भट्टी शंभर मीटरपर्यंत लांब असते, आणि भाजलेलं बिस्किट निवायला त्याहूनही लांब पट्टा लागतो, कारण गरम माल पुड्यात भरला तर तो ओलसर होतो आणि घाईने थंड केला तर तडकतो. एवढं सगळं एका सरळ रेषेत मांडायचं म्हटलं, की जुन्या शहरातली जुनी इमारत कुठे ना कुठे आडवी येतेच.

मालकांच्या भांडणांची कथा जास्त रंगतदार आहे, म्हणूनच ती लवकर आटोपतो. १९७८ मध्ये समभाग लोकांना विकले गेले आणि भारतीय भागधारकांचा हिस्सा साठ टक्क्यांपलीकडे गेला. पुढच्या वर्षी नावातलं ‘बिस्किट’ जाऊन कंपनी ब्रिटानिया इंडस्ट्रीज झाली. ऐंशीच्या दशकात अमेरिकेची नाबिस्को आली. मग कंपनीचा ताबा कोल्लमच्या काजू व्यापारी घराण्यातल्या राजन पिल्लईंकडे आला; सिंगापूरहून ते ‘बिस्किट किंग’ म्हणून गाजले. १९९३ मध्ये मुंबईच्या वाडिया समूहाने फ्रान्सच्या दानोनबरोबर ताबा घेतला. सिंगापूरमधल्या खटल्यानंतर भारतात परतलेल्या पिल्लईंचा १९९५ च्या जुलैत दिल्लीत कोठडीत असताना मृत्यू झाला. नंतर वाडिया आणि दानोनचं बिनसलं. ‘टायगर’ हे नाव दानोनने परदेशात स्वतःच्या नावावर नोंदवल्यावरून वाद पेटला आणि २००९ मध्ये दानोन हिस्सा विकून बाहेर पडली. या सगळ्या काळात तारातलात पाळ्या चालू होत्या. मालक बदलला म्हणून कणकेचा पट्टा थांबत नाही. जुन्या कंपनीचं खरं भांडवल ही सवय असते, असं मला वाटतं.

धंदा चालवणारी माणसं वेगळी होती आणि त्यांच्या काळाचे ठसेही वेगळे. सुनील अलघ यांच्या कारकिर्दीत १९९७ मध्ये कंपनीने खाणं आणि आरोग्य यांची सांगड घालणारी नवी ओळख घेतली आणि टायगर आणून पार्लेच्या ग्लुकोज साम्राज्याला आव्हान दिलं. १९९९ चा विश्वचषक आठवणाऱ्या वाचकांना रिकामे पुडेही आठवत असतील. पुड्यांवरच्या धावा जमवायच्या, शंभर झाल्या की पुस्तिका मिळायची, आणि नशीब असेल तर इंग्लंडची वारी. त्याच स्पर्धेत बेहालाच्या सौरव गांगुलीने टाँटनला श्रीलंकेविरुद्ध १८३ धावा कुटल्या. तारातलात त्या दिवशी भट्टीकडे कुणाचं किती लक्ष असेल, कोण जाणे. २००५ ते २०१४ या काळात विनिता बाली यांनी बिस्किटांतली ट्रान्स फॅट काढली आणि टायगरमध्ये लोह घातलं. पेप्सिकोतून आलेले वरुण बेरी २०१४ मध्ये व्यवस्थापकीय संचालक झाले. त्यांचा भर जाहिरातीपेक्षा हिशेबावर आणि माल थेट पोचणाऱ्या दुकानांची संख्या वाढवण्यावर होता.

बिस्किटाचा हिशेब विचित्र असतो. पाच रुपयांचा पुडा सहा रुपयांना विकता येत नाही. मैदा, साखर, पामतेल महागलं की पुड्याची किंमत तीच राहते आणि आतलं वजन कमी होतं, पण वजन घटवण्यालाही मर्यादा आहे. २०१९ मध्ये मंदीची कुजबुज सुरू असताना पाच रुपयांचा पुडा घेतानाही ग्राहक दोनदा विचार करतो आहे, असं बेरी म्हणाले आणि देशभर त्याची बातमी झाली. मग पैसे वाचवायचे कुठे? वाया जाणाऱ्या मालात, गॅसमध्ये, वेष्टनाच्या कागदात आणि सगळ्यात जास्त रस्त्यावर. बिस्किटांनी मालमोटार भरते तेव्हा वजनाची मर्यादा गाठली जात नाही, जागाच संपते. म्हणजे तुम्ही बराचसा हवेचाच प्रवासखर्च देत असता. म्हणून कारखाना खाणाऱ्यांच्या जितका जवळ, तितकं बरं. २०११ च्या सुमारास बिहारमध्ये हाजीपूरला कारखाना निघाला, पुढे महाराष्ट्रात रांजणगावला मोठं संकुल झालं, तमिळनाडूत पेरुंदुराई आणि उत्तर प्रदेशात बाराबंकी आलं. महागणपतीच्या दर्शनाला जाताना आपल्याला जो नवा ब्रिटानिया दिसतो, त्याचा तारातलाशी असा संबंध आहे. तिकडे लांबच लांब नव्या भट्ट्या आल्या आणि इकडची भट्टी कागदावर महाग ठरत गेली. अखेरच्या काळात तारातलाचं उत्पादन वर्षाला अडीच हजार टनांच्या आसपास होतं, असं वर्तमानपत्रांनी छापलं. एवढ्या मोठ्या कंपनीत हा आकडा बेरजेच्या चुकीत हरवेल इतका लहान.

मुंबईकराच्या मनात इथे पहिला प्रश्न जमिनीचा येतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. गिरणगावाने त्याला तसंच शिकवलं आहे. याच वाडिया समूहाच्या बॉम्बे डाइंगने २०२३ मध्ये वरळीची बावीस एकर जागा ५,२०० कोटींना एका जपानी समूहाला विकायचं ठरवलं. तिथे गिरणीपेक्षा गिरणीखालची माती मोलाची ठरली. तारातलाचं गणित वेगळं आहे. सुमारे अकरा एकरांची ही जागा कोलकाता बंदराची, भाडेपट्ट्यावरची. आणि पट्टा २०४८ पर्यंत वाढवलेला. विकून गबर व्हावं अशी मालमत्ताच ती नव्हती. उलट पट्टा हातात असताना कंपनीने भट्टी विझवली, यावरून ती भट्टी किती नकोशी झाली होती ते कळतं. मुंबईत २०१६ मध्ये पार्लेनेही विलेपार्ल्याचा, ज्या उपनगरावरून कंपनीचं नाव पडलं तिथलाच, कारखाना बंद केला होता. आणि पीक फ्रीनचा लंडनमधला बर्मंडसीचा कारखाना, ज्याच्या वासामुळे त्या भागाला ‘बिस्किट टाउन’ म्हणत, तो तर १९८९ सालीच थांबला. बंगालच्या राजकारण्यांना हे सांगून उपयोग नव्हता. सिंगूरचा मोटार कारखाना सोडून टाटा गेल्यापासून बंगालमध्ये कुठलाही कारखाना बंद पडला की त्याचा पंचनामा पक्षांच्या कार्यालयांत होतो. विरोधकांनी राज्यातलं औद्योगिक वातावरण बुडाल्याची ओरड केली. राज्य सरकारतर्फे अमित मित्रा यांनी बेरींशी बोलणं झाल्याचं सांगितलं: कंपनी बंगाल सोडत नाही, नोंदणीकृत कार्यालय कोलकात्यातच राहील. ते खरंही आहे. हंगरफोर्ड स्ट्रीटचा पत्ता कायम आहे, भागधारकांना जाणारी पत्रं त्याच पत्त्याने निघतात.

व्यवस्थापन म्हणून पाहिलं तर तारातलाचा शेवट नेटका झाला, हे मान्य करायला हवं. टाळेबंदी झाली नाही, पगार थकवून माणसांना उपाशी मारलं नाही. सुमारे १२२ कायम कामगार होते. नोकरीच्या वर्षांनुसार तेरा ते बावीस लाख रुपयांच्या आसपास रक्कम ठरली आणि सगळ्यांनी सह्या केल्या. गिरणी संपानंतर दशकानुदशकं देण्यांसाठी खेटे घालणाऱ्या आपल्या कामगारांशी तुलना केली तर हे बरंच म्हणायचं. पण हाही हिशेब नीट वाचावा लागतो. ज्या कारखान्यात कायम कामगार १२२ उरले होते, तिथे कंत्राटी कामगार अडीचशेच्या घरात होते. म्हणजे बंद होण्याच्या कितीतरी आधीपासून तो कारखाना माणसांच्या बाबतीत आवरायला घेतला होता. कायम माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागी कंत्राटी यायचा. हे बहुतेक जुन्या उद्योगांत होतं, आणि त्यामुळेच शेवटची देणी आवाक्यात राहतात. पाव शतक पट्ट्याशेजारी उभं राहिलेल्या कायम कामगाराच्या हातात बावीस लाख पडले. त्याच पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या कंत्राटी माणसाचं नाव त्या योजनेत नव्हतं. शेअर बाजाराला गेलेल्या पत्रातही त्याचा उल्लेख नाही. नियमाप्रमाणे तो असायची गरजही नव्हती, कारण तो कंत्राटदाराचा माणूस होता, ब्रिटानियाचा नाही.