गाणं थांबतं तिथून पुढे



आजचा विषय ठरला तेव्हा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून विचारलं, "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता कारध्याला जाऊन रेडिओच्या गाण्यांवर बोलणार?" आम्ही त्याला म्हटलं, बाबा रे, कांट आम्हाला विसाव्या वर्षी भेटला, गाणी त्याच्या कितीतरी आधीपासून कानावर आहेत. (हशा) तेव्हा आज गाण्यांवरच बोलू. प्रश्न मात्र नीट मांडू. लोकांच्या ओठावर असलेल्या गाण्यातून कथा किंवा कादंबरी निघू शकते का? निघत असेल तर कशी? आणि ती लिहिणाऱ्याच्या अंगावर कोणती जबाबदारी येते? या तिसऱ्या प्रश्नासाठीच खरं तर आम्ही इथवर आलो आहोत.

आधी गाणं म्हणजे काय ते बघू. आपल्याकडच्या साहित्यशास्त्रात एक शब्द आहे, साधारणीकरण. भट्टनायकाच्या नावावर तो सांगितला जातो. अर्थ अवघड नाही. काव्यातलं दुःख हे अमक्या गावच्या, अमक्या माणसाचं राहत नाही. त्याचं नावगाव गळून पडतं आणि ते ऐकणाऱ्या प्रत्येकाचं होतं. लोकप्रिय गाण्यात हे सगळ्यात जास्त घडतं. गाण्यातल्या बाईला बहुतेक वेळा नाव नसतं. तिचा नवरा काय काम करतो, घरावर कर्ज किती, सासू कशी, काही कळत नाही. कळत नाही म्हणूनच ते गाणं भंडाऱ्यातल्या बाईला आणि रत्नागिरीतल्या बाईला एकाच वेळी आपलं वाटतं.

कथेचं काम बरोबर याच्या उलट आहे. कथेला नाव लागतं, गाव लागतं, तारीख लागते. गाण्याने जे गाळलं ते कथेला परत भरावं लागतं. म्हणून गाण्यातून गोष्ट काढायची म्हणजे गाण्यात काय आहे ते शोधायचं नसतं. गाण्यात काय नाही, ते शोधायचं असतं.

एक उदाहरण घेऊ. मंगेश पाडगावकरांनी लिहिलेलं, यशवंत देवांनी चाल दिलेलं आणि अरुण दात्यांनी गायलेलं भातुकलीतल्या राजा-राणीचं गाणं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. त्यात काय घडतं? खेळ मध्येच संपतो. ताटातूट होणार हे राणी आधी बोलते, राजाला ते उशिरा कळतं. बस. आता कथा लिहिणाऱ्याने थांबून विचारावं : राणीला आधी कसं कळलं? त्या दिवशी घरी कोण आलं होतं? दिवाणखान्यात मोठी माणसं बोलत असताना ती दाराआड उभी होती का? आणि राजा तेव्हा कुठे होता, की त्याला कळायला उशीर झाला? गाणं या प्रश्नांची उत्तरं देत नाही, आणि देऊही नये. दिली तर ते गाणं राहणार नाही. पण यातल्या एका जरी प्रश्नाचं खरं उत्तर सुचलं, तरी तुमच्या हातात कथा आली.

हे आमच्याच डोक्यातलं खूळ नाही. जपानचे हारुकी मुराकामी यांची १९८७ सालची 'नॉर्वेजियन वुड' ही कादंबरी बघा. तिचं नाव बीटल्सच्या १९६५ च्या गाण्यावरून घेतलेलं आहे. सदतीस वर्षांचा नायक विमानातून हँबर्गला उतरतो आहे, विमानात त्या गाण्याची नुसती धून वाजते, आणि अठरा वर्षांपूर्वीची एक मुलगी त्याच्यासमोर उभी राहते. पुढची सगळी कादंबरी त्या मुलीची आणि त्या काळाची आहे. गाण्याच्या शब्दांशी तिचा संबंध फार थोडा. गाण्याने फक्त दार उघडलं.

दुसरं उदाहरण जेम्स जॉइसचं. त्याच्या १९१४ सालच्या 'डब्लिनर्स' या संग्रहातली शेवटची दीर्घकथा 'द डेड'. मेजवानी संपली आहे, पाहुणे निघाले आहेत, आणि एक बाई जिन्यावर थबकून वरच्या खोलीतलं जुनं आयरिश गाणं ऐकते आहे. नवरा खालून तिच्याकडे बघतो. ती त्याला फार सुंदर दिसते. रात्री तिला विचारतो तेव्हा कळतं, की हे गाणं एक मुलगा म्हणायचा. त्याचा तिच्यावर जीव होता आणि तो सतराव्या वर्षी गेला. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला ज्याचा पत्ता नव्हता, ते एका गाण्याने बाहेर काढलं. इथे गाण्याची गोष्ट महत्त्वाची नाही. ते ऐकणाऱ्या बाईची गोष्ट महत्त्वाची आहे. हे नीट लक्षात ठेवा, याची गरज पुढे लागणार आहे.

आता आपल्या नदीवर येऊ. शांता शेळक्यांचं, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतलं, लताबाईंनी गायलेलं वादळाचं कोळीगीत आहे. वारा सुटला आहे, घरधनी होडी घेऊन पाण्यात गेला आहे, बाई घरी एकटी आहे. तो परतला की नाही, गाणं सांगत नाही. समजा हे गाणं मनात धरून तुम्हाला कारध्याची गोष्ट लिहायची आहे. कोळ्याच्या जागी आपला ढिवर घ्याल, होडीच्या जागी डोंगा घ्याल. इतकं केलं की झालं का? नाही झालं. कारण इथे वारा दोषी नाही.

वैनगंगेचं पाणी कसं चढतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. पाऊस पडतो वर मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात. तिथे संजय सरोवर आहे. त्यातून पाणी सुटलं की ते आपल्याकडे येतं. इथे आभाळ कोरडं असलं तरी येतं. खाली गोसीखुर्दचं धरण आहे, तेहेतीस दरवाज्यांचं, आणि त्याचा फुगवटा आपल्यापर्यंत. २०२० च्या ऑगस्टअखेरीस काय झालं ते इथल्या घराघराला ठाऊक आहे. मग कारध्याच्या गोष्टीतली बाई आभाळाकडे बघून घाबरणार नाही. ती विचारेल, वरून पाणी सोडलं हे कुणाला माहीत होतं? निरोप कधी निघाला? आमच्या टोळीपर्यंत का पोचला नाही? तिच्या गोष्टीत एक फोन येईल, एक कचेरी येईल, बहुधा एक कोतवालही येईल.

फरक बघा. गाण्यात नशीब पुरतं. समुद्र आहे, वारा आहे, आपण काय करणार! गोष्टीला नशीब पुरत नाही, तिला कारण लागतं. आणि कारण शोधायला निघालं की जबाबदारी कुणाची हा प्रश्न येतोच. कोकणातलं गाणं वैनगंगेवर आणलं तर दुःख तेच राहील, कारण मात्र बदलेल. ज्याला हे दिसत नाही, तो गोष्ट लिहीत नाही, गाण्याची नक्कल करतो.

इथवर आम्ही शहाणपणाचं बोललो. आता आमच्या अडाणीपणाचं सांगतो.

आम्ही कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या शेजारी एक म्हातारी राहायची, आम्ही तिला मोठी माय म्हणायचो. विधवा होऊन ती इकडे आली होती. पहाटे जात्यावर बसली की ओव्या म्हणायची. त्यात पंचमीची एक ओवी वारंवार यायची. भाऊ न्यायला आला नाही, वाट बघून डोळे शिणले, असा तिचा आशय. आम्हाला लिहिण्याची हौस होती. ओवी ऐकली आणि कथा लिहून मोकळे झालो. कथेत भाऊ बायकोच्या मुठीत गेलेला, भावजय कजाग, आणि बहीण बिचारी. कॉलेजच्या अंकात छापून आली. गावातल्या एका बैठकीत आम्ही ती मोठ्या आवाजात वाचूनही दाखवली. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या, आम्ही खुशीत.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मायने बोलावलं. म्हणाली, "बापू, भाऊ आला होता ना माहा."

तिचं सासर चुलबंद नदीच्या काठी होतं. त्या वर्षी पंचमीला नदीला पूर. भाऊ पल्याड येऊन उभा राहिला. डोंगे बंद होते. दोघं दोन काठांवर उभी. तो काहीतरी ओरडून सांगत होता, पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. संध्याकाळ झाली तसा तो परत गेला. पुढच्या पंचमीला तो जगात नव्हता. तो काय ओरडून सांगत होता, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. भावजयने मात्र पुढे कितीतरी वर्षं दिवाळीला लुगडं पाठवलं.

ती म्हणाली, "ओवी मी भावावर रागावून म्हणत नव्हती रे. नदीवर रागावून म्हणत होती."

मित्रहो, आम्हाला त्या दिवशी जी शरम वाटली ती अजून गेलेली नाही. एका चांगल्या भावाला आणि चांगल्या भावजयीला आम्ही चारचौघांत वाईट ठरवलं होतं. का? तर ओवीत रिकामी जागा दिसली आणि ती आम्ही बाजारात मिळणाऱ्या मालाने भरली. दुष्ट भावजय दहा सिनेमांत होती, तीच उचलली. आणि जिला विचारता आलं असतं, ती भिंतीपलीकडे बसलेली होती. खरी गोष्ट आमच्या कथेपेक्षा कितीतरी मोठी होती. पण मोठी नसती तरी आमचा अपराध तेवढाच राहिला असता.

तेव्हापासून गाण्यातून गोष्ट काढायची तर आम्ही चार प्रश्न विचारायला सांगतो. पहिला, गाणारं कोण आहे? दुसरा, ते कुणाला उद्देशून आहे, आणि राग नक्की कुणावर आहे? तिसरा, गाण्यात जे घडतं त्याचं या गावातलं कारण काय? चौथा, गाणं थांबल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं? गाणारं माणूस हयात असेल तर हे प्रश्न त्याला विचारावेत. नसेल तर कल्पना करावी, पण सुचलेलं पहिलं उत्तर टाकून द्यावं. पहिलं उत्तर बहुतेक दुसऱ्याचं असतं.

एक व्यवहाराची गोष्टही सांगून ठेवतो, तरुण मंडळींच्या उपयोगाची. गाण्यावरून कल्पना सुचली तर तिला कुणाची परवानगी लागत नाही. पण गाण्याचे शब्द कथेत छापायचे तर तो कायद्याचा मामला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. आम्हाला विचाराल तर शब्द न घेणंच बरं. कथा आपल्या पायावर उभी राहिली पाहिजे.

ओव्यांना असा कायद्याचा मालक सापडत नाही, म्हणून तिथे जास्त जपायला हवं. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जमवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या आता 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. सोबत गाणाऱ्या बायकांची नावं आणि गावं दिलेली आहेत. आम्हाला ही फार मोठी गोष्ट वाटते. आपल्या झाडीबोलीचं धन साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी लोकांसमोर ठेवलं. पण रोवणीच्या बांधीत, महादेवाच्या वाटेवर, भुलाबाईपुढे म्हटली जाणारी किती गाणी अजून फक्त कुणाच्या तरी आजीच्या तोंडात आहेत! जातं गेलं, चक्की आली, ते बरंच झालं. बायकांच्या हाताचे फोड वाचले. पण जात्याबरोबर ओवी म्हणायचं निमित्तही गेलं.

शेवट गीतरामायणाने करतो. १९५५ च्या एप्रिलात पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, एकूण छप्पन गीतं. त्याची मांडणी आठवा. दोन मुलं भर सभेत एक कथा गात आहेत, आणि ज्याची ती कथा आहे तो स्वतः समोर बसून ऐकतो आहे. तो आपला बाप आहे, हे मुलांना ठाऊक नाही. आम्हाला वाटतं, गाण्यातून गोष्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावं. ज्याचं गाणं आहे तो समोर बसलेला असू शकतो. आमच्या बैठकीत मोठी माय बसली होती. आम्ही तिच्याकडे पाहिलंही नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढं करा. घरात जी सगळ्यात म्हातारी बाई असेल तिच्याजवळ बसा आणि म्हणा, आजी, तू ते गाणं म्हणतेस ना, त्याच्या पुढे काय झालं? लिहायची घाई करू नका. आधी ऐकून घ्या.