घरगुती सौर विद्युत यंत्रणेची देखभाल : स्वरूप, कारणे आणि पद्धती

प्रस्तावना :

फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल यांनी १८३९ मध्ये प्रकाशामुळे विद्युतनिर्मिती होत असल्याचे दाखवून दिले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी सौर सेल जगासमोर आणला. भारतात फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजने'ने एक कोटी घरांच्या छतावर सौर यंत्रणा बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यामुळे ही यंत्रणा मध्यमवर्गीय घरांच्या गच्चीवर दिसू लागली आहे.

या प्रसाराबरोबर एक गैरसमजही पसरला आहे. यंत्रणेत फिरणारा भाग नाही, म्हणून तिला देखभाल लागत नाही, असे मानले जाते. वास्तविक तिच्यातील बिघाड आवाज करीत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. उपरोक्त योजनेत पुरवठादाराकडे पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते. पॅनेलचे आयुष्य मात्र सुमारे पंचवीस वर्षांचे असते. म्हणजे उर्वरित वीस वर्षे ही जबाबदारी कुटुंबाकडेच येते. या दृष्टीने सदर देखभालीचे स्वरूप व त्यामागील कारणे यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. अपेक्षित उत्पादनाचे गणित

बिघाड ओळखण्यासाठी प्रथम निरोगी यंत्रणेचे उत्पादन ठाऊक असावे लागते. आपल्याकडे १ किलोवॅट क्षमतेपासून दररोज सरासरी ४ युनिट वीज मिळते, असे ढोबळमानाने धरले जाते. त्यानुसार ३ किलोवॅटची यंत्रणा दिवसाला सुमारे १२ युनिट देते. पावसाळ्यात हा आकडा बराच खाली येतो, तर फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र दिवसांत वर जातो.

कडक उन्हाळ्यात उत्पादन सर्वाधिक असेल, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. पॅनेलची नोंदलेली क्षमता सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस असतानाची असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला क्षमता साधारणतः ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी सेलचे तापमान ६५ अंशांपर्यंत गेले, तर ही घट १२ ते १६ टक्के होते. हा बिघाड नव्हे, पदार्थाचा गुणधर्म आहे. पॅनेल व छत यांच्यामधील मोकळ्या जागेत अडगळ ठेवू नये, ही सूचना याच कारणास्तव दिली जाते. तेथून वारा खेळता राहिला, तर तापमान मर्यादित राहते.

२. स्वच्छता

महाराष्ट्रात ऑक्टोबर ते मे या काळात पाऊस अत्यल्प असतो व धूळ साचत राहते. ३ किलोवॅटच्या यंत्रणेत धुळीमुळे दहा टक्के घट झाली असे गृहीत धरले, तर २४० दिवसांत सुमारे २८८ युनिटचे नुकसान होते. म्हणून कोरड्या ऋतूत दर पंधरा दिवसांनी, तसेच रस्ता, शेत अथवा बांधकाम जवळ असल्यास त्याहून लवकर, पॅनेल धुणे इष्ट ठरते.

धुण्याची वेळ पहाटेची किंवा सूर्यास्तानंतरची असावी. तापलेल्या काचेवर थंड पाणी पडल्यास काचेवर ताण येऊन तडा जाऊ शकतो. बोअरचे जड पाणी वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात व ते धुळीपेक्षा चिवट असतात. असे पाणी वापरणे अपरिहार्य असल्यास काच लगेच मऊ रबरी पट्टीने निपटून घ्यावी. घासणी, राख व कपडे धुण्याची पावडर पूर्णतः वर्ज्य आहेत. पक्ष्यांची विष्ठा सुकलेली असल्यास ती खरवडून न काढता ओल्या फडक्याखाली भिजवून काढावी.

३. सावली

पॅनेलमधील सेल एकसर जोडणीत असल्याने एका सेलवरील सावली संपूर्ण साखळीचा प्रवाह रोखते. झाकलेला सेल वीज निर्माण करण्याऐवजी इतरांची वीज उष्णतेच्या रूपात खर्च करू लागतो व तेथे तप्त ठिपका तयार होतो. हे टाळण्यासाठी पॅनेलमध्ये पर्यायी मार्ग देणारे डायोड बसविलेले असतात. परंतु त्यांनाही मर्यादा आहेत. वाळलेले पान, विष्ठेचा डाग किंवा संक्रांतीनंतर अडकून राहिलेला पतंग क्षुल्लक वाटला, तरी त्याचा परिणाम आकाराच्या मानाने मोठा असतो.

सावली ऋतूनुसार बदलते, हेही ध्यानात घ्यावे लागते. पुण्यात मे महिन्याच्या मध्यास भरदुपारी सूर्य डोक्यावर असतो. डिसेंबरअखेर मात्र त्याची मध्यान्हीची उंची सुमारे ४८ अंशच असते. त्यामुळे उन्हाळ्यात निरुपद्रवी ठरलेली दक्षिणेकडील पाण्याची टाकी किंवा शेजारचे वाढते झाड हिवाळ्यात पॅनेल झाकू शकते. सावलीची पाहणी डिसेंबरमध्ये करणे यासाठीच आवश्यक आहे.

४. विद्युत सुरक्षा

प्रकाश आहे तोपर्यंत पॅनेल 'बंद' करता येत नाही. इन्व्हर्टर बंद केल्यानंतरही पॅनेलकडून येणाऱ्या तारांमध्ये दाब कायम असतो व अनेक पॅनेलच्या साखळीत तो काही शे व्होल्ट असू शकतो. हा प्रवाह एकदिश असल्याने त्याची ठिणगी प्रत्यावर्ती प्रवाहाप्रमाणे शून्यावर येऊन आपोआप विझत नाही. सबब चालू स्थितीत जोडण्या ओढून काढू नयेत. उघड्या पडलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या किंवा जळकट वास येणाऱ्या तारांना घरातील कोणीही हात न लावता प्रशिक्षित तंत्रज्ञास बोलवावे.

पावसाळ्यापूर्वी अर्थिंग, वीजरोधक व विद्युतदाब-संरक्षक यांची तपासणी करून घ्यावी. अर्थिंगचा रोध ५ ओहमपेक्षा अधिक नसावा, असा संकेत आहे. कोकणासारख्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेमुळे सांगाड्याचे नट-बोल्ट गंजतात. त्यांची पाहणी वादळी वाऱ्यांपूर्वी होणे अगत्याचे आहे. शेवाळलेल्या अथवा कठडा नसलेल्या छतावर एकट्याने चढू नये. काही युनिटांच्या बचतीपेक्षा माणसाचा जीव मोलाचा आहे.

५. नोंदवही

देखभालीचे सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे नोंदवही होय. नेट मीटरवर ग्रिडमधून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज नोंदली जाते. घरातच वापरली गेलेली सौर वीज त्यात दिसत नाही. परिणामी उत्पादन घटून बिल वाढले, तरी दोष पंख्यांच्या किंवा फ्रिजच्या वापरावर ढकलला जातो. इन्व्हर्टरवरील एकूण उत्पादनाचा आकडा दर आठवड्याला लिहून ठेवल्यास व गतवर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहिल्यास हा संभ्रम उरत नाही. पॅनेलची क्षमता वर्षाला सुमारे अर्धा टक्का घटणे स्वाभाविक आहे. त्याहून ठळक घट दिसल्यास धूळ, सावली, जोडणी व इन्व्हर्टर या क्रमाने कारण शोधावे. इन्व्हर्टर साधारणतः दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो. त्या खर्चाची तरतूद आरंभापासूनच असावी.

समारोप :

सौर यंत्रणेची देखभाल खर्चिक नाही, परंतु ती नियमित हवी. योजनेतील प्रारंभीच्या यंत्रणांची पाच वर्षांची मुदत २०२९ पासून संपू लागेल. त्यापूर्वी घरोघरी किमान ज्ञान पोहोचणे गरजेचे आहे. महाविद्यालयांचे भौतिकशास्त्र विभाग व राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी परिसरातील घरांना नोंदी ठेवण्यास शिकवू शकतात. त्यातून विद्यार्थ्यांनाही खरी आकडेवारी अभ्यासास मिळेल. अनुदानातून यंत्रणा छतावर येते. ती पंचवीस वर्षे उपयोगी ठेवण्याचे काम मात्र सजग वापरकर्त्यालाच करावे लागते.